जगाचा कर्ता आणि तुरीत लपलेले तीन मास्तर

कळंबपासून सायकलीनं तासाभरावर असलेल्या एका गावात मी ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मला मिशी फुटूनही साधारण तेवढाच काळ झाला होता. शाळा सातवीपर्यंतची. मास्तर आम्ही पाचजण, पण शाळेत खरी माणसं दोनच, असं गावाचं मत होतं. एक हेडमास्तर आणि दुसरे विज्ञानाचे मास्तर. उरलेले आम्ही तिघं या दोघांचा वाद ऐकायला सरकारनं नेमलेलो होतो.

हेडमास्तर पन्नाशीचे. काळी टोपी, धोतर, कोट, आणि कोटाच्या खिशात वडिलांनी दिलेलं साखळीचं घड्याळ. दर चतुर्थीला सायकल मारत कळंबच्या चिंतामणीला जायचे. पण नुसती श्रद्धा त्यांना पुरत नसे. त्यांना देव सिद्ध करायचा होता, भूमितीतल्या प्रमेयासारखा, खाली 'हेच सिद्ध करावयाचे होते' असं लिहून.

विज्ञान मास्तर तिशीचे. छप्पन साली आईला घेऊन नागपूरला गेले होते आणि सगळं घर बौद्ध होऊन परत आलं होतं. त्यांचं म्हणणं एकच असे. जगात जे घडतं त्याला कारणं आहेत, पण जगाला कोणी कर्ता आहे असं दिसत नाही. हे ते इतक्या मऊ आवाजात सांगायचे की हेडमास्तर जास्तच चिडायचे.

वाद व्हायचा मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात, डबे उघडल्यावर. हेडमास्तर स्वतःची भाकरी पुढ्यात ठेवायचे आणि न विचारता विज्ञान मास्तरांच्या डब्यातली भाजी घ्यायचे. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. गावात कुजबुज झाली, तेव्हा हेडमास्तरांनी पारावर जाऊन सांगितलं, "त्यांच्या आईच्या हातची वांग्याची भाजी माझ्या घरच्यापेक्षा चांगली आहे. आणखी काही विचारायचंय?" हेडमास्तरांच्या घरी मात्र त्या रात्री वांगीच काय, काहीच शिजलं नाही म्हणे.

सुरुवातीला हेडमास्तरांचा दाखला मडक्याचा होता. "मडकं दिसलं की कुंभार आहे हे आपण ओळखतो. कुंभार दिसलाच पाहिजे असं नाही. तसंच जग दिसतं आहे, म्हणजे जगाचा कर्ता आहे."

आमचा चपराशी तिथंच उकिडवा बसून शेंगदाणे खात असायचा. तो म्हणाला, "पण साहेब, आपल्या गावात कुंभारच नाही. मडकी बाजारातून येतात."

"अरे, बाजारात तरी कुंभारच आणतो ना?"

"नाही जी. तिथं एक बाई विकते. कुंभार कोणी पाह्यला?"

विज्ञान मास्तर तोंडावर रुमाल धरून खोकले. मडक्याचा दाखला तिथंच फुटला.

मग हेडमास्तर कापसावर आले. हंगाम होता, शाळेच्या कुंपणापलीकडे बोंडं फुटून पांढरीशुभ्र झाली होती. "बघा, सरकी किती लहान. तिला पाणी मिळालं की झाड होतं, झाडाला बोंड येतं, बोंडात धागा. माणसाच्या अंगाला वस्त्र हवं आणि झाडात नेमका धागा! यात हेतू नाही? ही योजना नाही?"

चपराशाचं स्वतःचं चार एकर कापसाचं वावर होतं. तो म्हणाला, "मग बोंडअळी कोणासाठी बनवली, साहेब?"

"ती... ती तुझी परीक्षा आहे."

"मी तर चौथी नापास आहे जी. मले काहून परीक्षा?"

विज्ञान मास्तर हळूच म्हणाले, "सर, अळीला विचारलं तर तीही म्हणेल की कापूस तिच्यासाठीच केला आहे. तिच्या दृष्टीनं माणूस हीच कापसावरची कीड."

हेडमास्तरांनी त्या दिवशी भाजी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची घेतली.

हे सगळं वर्षानुवर्षं सुखानं चाललं असतं, पण गावच्या वाचनालयानं हेडमास्तरांचं व्याख्यान ठरवलं. विषय 'जगाचा कर्ता', आणि त्यानंतर उत्तर द्यायला विज्ञान मास्तर. दिवस पुढचा शनिवार. मला हुकूम झाला की मोठे तक्ते रंगवायचे. एक सुगरणीच्या खोप्याचा आणि एक माणसाच्या डोळ्याचा. हेडमास्तर म्हणाले, "डोळ्यात बुबुळ, भिंग, पडदा, सगळं एकमेकांच्या बेतानं बसवलेलं आहे. लोकांना ती रचना दिसली पाहिजे." मी तीन दिवस डोळा रंगवला. चपराशानं तो पाहून विचारलं, "हे उकडलेलं अंडं कायले काढलं, मास्तर?" मी पापण्या जास्त काढल्या. मग तो म्हणाला, "आता अंड्याले केस आले."

इकडे हेडमास्तरांना एका जुन्या इंग्रजी पुस्तकात नवा दाखला सापडला होता. ते अगदी उजळून शाळेत आले.

"माळरानात चालताना पायाला दगड लागला, तर आपण म्हणतो, असेल पडलेला. पण तिथं घड्याळ दिसलं तर? चाकात चाक, काटे नेमके फिरताहेत, सगळं वेळ दाखवण्यासाठी! ते आपोआप झालं असं कोणी म्हणेल? जो पाहील तो हेच म्हणेल की याचा कोणी तरी कर्ता आहे."

विज्ञान मास्तर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "जो पाहील तो हेच म्हणेल, हे कशावरून, सर? प्रयोग केल्याशिवाय कसं सांगता येईल?"

ते थट्टेनं बोलले होते. हेडमास्तरांनी थट्टा ऐकलीच नाही. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी."

रविवारी जेवणं उरकून हेडमास्तर, विज्ञान मास्तर आणि मी निघालो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं आणि हातात टिपणवही दिली होती. जागा ठरली ती गावातून बंजाऱ्यांच्या तांड्याकडे जाणाऱ्या पायवाटेची. वाटेच्या कडेला चपराशाच्या वावरात डोक्याच्या वर गेलेली तूर उभी होती. हेडमास्तरांनी वाटेच्या मधोमध एक दगड ठेवला आणि त्याच्या शेजारी, रुमालानं पुसून, आपलं घड्याळ. दगड तुलनेसाठी होता. मग आम्ही तुरीत शिरून बसलो.

तुरीत बसणं ही काय गोष्ट आहे, ते बसल्याशिवाय कळत नाही. शेंगा कानात जातात, किडे मानेत जातात आणि तिसऱ्या मिनिटाला पाय झोपतो. हेडमास्तर मात्र फांद्यांच्या फटीतून वाटेकडे असे पाहत होते, जणू स्वतः जगाचा कर्ताच चालत येणार आहे.

पहिला आला कडब्याची पेंढी डोक्यावर घेतलेला गावातलाच एक शेतकरी. घड्याळ दिसताच तो थबकला. दगडाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, दोन पावलं मागं सरला. मग चपला काढल्या, हात जोडले आणि घड्याळापासून चांगला वीस हात लांबून, बोरीच्या काट्यांतून वळसा घालून, अनवाणी निघून गेला. कोणी तरी उतारा टाकला आहे अशी त्याची खात्री पटली होती.

"पाहिलंत?" हेडमास्तर कुजबुजले. "हे आपोआप पडलेलं नाही, मुद्दाम ठेवलं आहे, हे त्यानं ओळखलं. हेतू ओळखला!"

"हेतू ओळखला, सर," विज्ञान मास्तर म्हणाले, "पण तुम्हाला भूत समजला."

मी वहीत लिहिलं : 'पहिला माणूस. हेतू – होय. कर्ता – भूत.'

मग बकऱ्या आल्या. सातआठ असतील. पुढची काळी बकरी घड्याळापाशी थांबली. तिनं घड्याळ हुंगलं आणि तोंड वळवलं. मग दगड हुंगला आणि तो मन लावून चाटायला लागली. हेडमास्तरांचा चेहरा पडला. वडिलोपार्जित घड्याळाचा असा अपमान त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"तिला दगडात जास्त अर्थ दिसतोय," विज्ञान मास्तर पुटपुटले.

"बकरीला बुद्धी नसते."

"नोंद करायची का?" मी विचारलं.

तेवढ्यात बकरीचं दगड चाटून झालं आणि तिनं घड्याळाची साखळी तोंडात घेतली. साखळी आत जायला लागली, त्यामागोमाग घड्याळ वर उचललं गेलं. हेडमास्तर ताडकन उठायला लागले. विज्ञान मास्तरांनी त्यांचा कोट घट्ट धरला. "सर, चालू प्रयोगात हस्तक्षेप करायचा नसतो!"

"अहो, ती घड्याळ गिळतेय!"

घड्याळ वाचवलं ते बकऱ्यांच्या मागून आलेल्या म्हातारीनं. तांड्यावरची होती. आरशांच्या नक्षीचा घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात काठी. तिनं बकरीच्या थोबाडावर एक चापट दिली, साखळी ओढून बाहेर काढली, घागऱ्याला पुसली.

"काँई छ ई?" ती स्वतःशी म्हणाली. हे काय आहे, एवढी गोर बोली मलाही कळत होती.

तिनं घड्याळ कानाशी नेलं. तिचा चेहरा बदलला. "जित्ती हाय!"

हेडमास्तरांनी माझं मनगट धरलं. मलाही वाटलं, आता ही म्हणणार. आता कर्ता येणार.

म्हातारीनं चारी दिशांना पाहिलं आणि मोठ्यानं हाक दिली, "कोणाची घडी हाय वो?"

"मालक," हेडमास्तर हताश होऊन म्हणाले. "ही मालकाचा विचार करतेय. कर्त्याचा नाही."

उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं घड्याळ ओढणीच्या पदराला गाठ मारून बांधलं आणि ती चालू लागली. आता थांबणं शक्य नव्हतं. आम्ही तिघं एकदम तुरीतून बाहेर पडलो. टोपीवर शेंगा, मिशीवर जाळी, कपड्यांवर पिवळी फुलं. म्हातारीनं काठी उगारली.

"तुरीत काय करून राह्यले तुम्ही?"

"बाई, घाबरू नका," हेडमास्तर म्हणाले. "मी शाळेचा हेडमास्तर. आम्ही देवाचा शोध घेत होतो."

"तुरीत?"

"ते... ते घड्याळ माझं आहे."

"तुमची हाय, तर मी हाक मारली तवा काहून नाही बोलले?"

हेडमास्तर टोपीवरच्या शेंगा झटकायला लागले.

"अन् वाटंत काहून टाकली?"

"टाकलं नाही. ठेवलं होतं."

"काहून ठेवली?"

"म्हणजे कोण येतं, पाहतं, आणि पाहून काय करतं, ते बघायला..."

म्हातारीची काठी खाली आली. तिचा आवाजही खाली आला. "म्हणजे आमच्या वाटंवर घडी टाकली, अन् तांड्यातलं कोण चोरते ते पाहत बसले."

हेडमास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. खरं सांगतो, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण टोपीवाले लोक आपल्याकडे कोणत्या नजरेनं पाहत आले आहेत, हे तिला आयुष्यभरात पाठ झालं होतं. जगाच्या रचनेवर तासभर बोलणाऱ्या माणसाला 'नाही हो, तसं नाही' एवढंही धड म्हणता येईना.

"चला नायकाकडं," ती म्हणाली. "तिथं सांगा काय ते."

पुढं म्हातारी, मागं बकऱ्या, त्यामागं आम्ही, अशी वरात तांड्यात शिरली.

तांड्याचा नायक कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. सत्तरीचा असेल. पांढऱ्या मिशा, मोठं मुंडासं. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देश पालथा घातला होता. तो स्वतः आता शेती करायचा. त्यानं म्हातारीचं शांतपणे ऐकलं. हेडमास्तरांचंही शांतपणे ऐकलं. ते त्याला जरा जड गेलं, कारण हेडमास्तरांनी सुरुवात सृष्टीच्या सुव्यवस्थेपासून केली.

"म्हणजे घडी तुमची," नायक शेवटी म्हणाला. "खूण काय?"

"आत कारागिराचं नाव कोरलं आहे."

"उघडून दाखवा."

घड्याळाचं मागचं झाकण कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. हेडमास्तरांनी नखं लावली. विज्ञान मास्तरांनी नाणं लावलं. तांड्यातल्या पाचसहा जणांनी विळा, दात आणि एकानं नांगराचा फाळही लावून पाहिला. कर्त्याचं नाव आत होतं, पण ते कोणालाच दिसेना.

विज्ञान मास्तर खाकरले. "सर, ती तीन दहाची गोष्ट सांगा."

"मुळीच नाही."

"सर, दुसरा इलाज नाही."

"अहो, याच घड्याळाच्या परिपूर्ण रचनेवर मी शनिवारी बोलणार आहे!"

"काय तीन दहाची गोष्ट?" नायकानं विचारलं.

गोष्ट अशी होती. हेडमास्तरांचं घड्याळ रोज दुपारी बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी बंद पडायचं. मग त्याच्या पाठीवर टिचकी मारली की पुन्हा चालायचं. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. ते एका लग्नात विहिरीत पडलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं. शाळेत ही गोष्ट आम्हा मास्तरांनाच ठाऊक होती, आणि हेडमास्तर टिचकी विसरले की आमचा सहावा तास अर्धा तास लांबायचा.

हेडमास्तरांनी मान खाली घालून हे सांगितलं. नायकानं घड्याळ आपल्या समोर बाजेवर ठेवलं. अडीच वाजले होते.

"बसा," तो म्हणाला. "पाहू."

गुळाचा काळा चहा आला. सगळा तांडा भोवती जमला. वेळ घालवायला नायकानं विचारलं की व्याख्यान कशाचं आहे. हेडमास्तरांना तेवढं पुरलं. घड्याळ, चाकं, काटे, हेतू, कर्ता, सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. "आता बैलगाडीच घ्या ना, नायक. गाडी दिसली की ती कोणी तरी केली, हे तुम्ही ओळखताच की नाही?"

"ओळखतो ना," नायक म्हणाला. "चाक सुतारानं केलं, धाव लोहारानं चढवली, जोतं चांभारानं शिवलं."

"बरोबर! म्हणजे..."

"म्हणजे तिघं झाले. एकानं कुठं केली?"

विज्ञान मास्तर बाजेच्या खुराकडे पाहत होते. हसू लपवायला त्यांना तीच जागा सापडली होती.

"अन् सुताराले गाडी करताना मी डोळ्यानं पाह्यलं," नायक पुढं म्हणाला. "एक नाही, पन्नास गाड्या पाह्यल्या. म्हणून गाडी दिसली की सुतार आठवते. जग बनताना पाह्यलंय कोणी? अन् दुसरं जग तरी कुठं आहे, याच्याशी ताडून पाहाले?"

विज्ञान मास्तर आता नायकाकडे असे पाहायला लागले, जणू त्यांना हरवलेला भाऊ सापडला होता. हेडमास्तरही खरे शिक्षक. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचं म्हणणं मोलाचं आहे. पण एक असो की तीन असोत, गाडी आपोआप तर होत नाही ना?"

नायकानं मिशी कुरवाळली. "हो. हेही खरं."

"बघा!" हेडमास्तर उसळून विज्ञान मास्तरांना म्हणाले.

"आलं, आलं, तीन दहा आलं!" कोणी तरी ओरडलं.

सगळी डोकी बाजेवर वाकली. मोठा काटा दोनवर आला. घड्याळ टिकटिक करत होतं. काटा दोनवरच होता. टिकटिक चालूच. मग काटा दोनच्या पुढं सरकला.

तीन अकरा.

गेली दहा वर्षं रोज बंद पडणारं घड्याळ आज धडधाकट चाललं होतं. म्हातारीनं कमरेवर हात ठेवून हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते.

विज्ञान मास्तर त्यांच्या कानाशी गेले. "सर, तुम्ही चिंतामणीला घड्याळ बंद पाडायला सांगताय?"

"तुम्ही गप्प बसा. तुमच्याकडे सांगायलाही कोणी नाही."

तीन बारा. आणि टिकटिक थांबली.

तांड्यात असा जल्लोष झाला की बकऱ्या उधळल्या. कोणी तरी डफ आणायला पळालं. हेडमास्तरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. आपलं घड्याळ बिघडलेलं आहे, हे सिद्ध झाल्याचा इतका आनंद मी कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. नायकानं स्वतः घड्याळ उचललं, पाठीवर टिचकी मारली. टिकटिक सुरू झाली. पुन्हा एकदा आरडाओरडा.

"दोन मिनिटं उशीर का झाला?" मी हळूच विचारलं.

"बकरीच्या तोंडात जाऊन आलं ना," विज्ञान मास्तर म्हणाले. "काही तरी दुरुस्त झालं असणार."

नायकानं घड्याळ पुढं केलं. पण हेडमास्तरांनी ते घेतलं नाही. ते म्हातारीसमोर गेले, टोपी काढली. टोपीशिवाय त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. डोकं पार गुळगुळीत होतं.

"बाई, तुम्हाला चोर ठरवायचं माझ्या मनात नव्हतं. पण तुमच्या मनाला काय वाटेल याचा विचार मी केला नाही. चूक माझी आहे. तुम्ही त्या बकरीच्या तोंडातून घड्याळ काढलं, नाही तर आज ते गेलं असतं. मला क्षमा करा."

म्हातारी अवघडली. तिनं टोपीकडे, मग डोक्याकडे, मग परत टोपीकडे पाहिलं. "घाला जी टोपी. ऊन लागन."

मग नायकाच्या हातातून घड्याळ घेऊन तिनं ते हेडमास्तरांच्या हातात ठेवलं. पण तिच्या मनात काही तरी राहिलं होतं. "ही रोज बंद पडते, म्हणजे बनवणाराच कच्चा असन ना?"

"बनवणारा पक्का होता, बाई," हेडमास्तर म्हणाले. "मी विहिरीत पाडलं."

"मग त्यानं विहिरीत पडन म्हणून काहून नाही बनवली? माणसाच्या हातून पडते, येवढं त्याले ठाऊक नव्हतं?"

परतताना दीड मैल हेडमास्तर घड्याळ मुठीत धरून, खाली मान घालून चालले. विज्ञान मास्तर मात्र उड्या मारत चालले होते.

शनिवारी वाचनालयात जागा उरली नाही. पहिल्या रांगेत नायक, म्हातारी आणि तांड्यातली वीसेक माणसं. माझे तक्ते भिंतीवर टांगले होते. खोपा पाहून लोकांनी 'वा' केलं. डोळा पाहून कोणी तरी विचारलं, 'हे कोणतं फळ?'

हेडमास्तर उठले. मला वाटलं, रविवारचं काही काढणार नाहीत. पण त्यांनी तुरीपासून सगळं सांगितलं, भुतासकट, बकरीसकट. लोक हसून हसून लोळले. मग ते म्हणाले, "मला जगात व्यवस्था दिसते. व्यवस्थेमागं हेतू वाटतो, आणि हेतूमागं कर्ता. पण हे वाटणं आहे. प्रमेय नाही." आणि त्यांनी स्वतःच्या विरुद्ध बाजूचे मुद्दे एकेक करून मांडले. कर्ता एकच कशावरून? तो निर्दोष कशावरून? बोंडअळीचं काय? घड्याळाला कर्ता हवा, तर कर्त्याला कोणी केलं? जगासारखं दुसरं काही पाहिलेलंच नाही, तर तुलना कशाशी? एकेक मुद्दा त्यांनी इतका धारदार मांडला की टाळ्या पडल्या. मग ते बसले.

आता विज्ञान मास्तरांची पाळी. ते उठले, खिशातून कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो परत खिशात घातला. त्यांचे सगळे मुद्दे बोलून झाले होते. दोनशे माणसं वाट पाहत होती.

ते चाचरले. मग त्यांनी माझ्या खोप्याकडे बोट केलं. "तरीपण," ते म्हणाले, "हा खोपा बघा. एवढासा पक्षी, त्याला शाळा नाही, मास्तर नाही..." आणि ते सुटलेच. सुगरण गाठी कशा मारते, वारा कसा जोखते, पाण्यावर वाकलेली फांदी का निवडते. मग डोळा. अंधारात बाहुली कशी मोठी होते, अश्रू कसे डोळा धुतात. अधूनमधून ते म्हणत होते की हे लाखो वर्षांत हळूहळू, टिकेल ते टिकत गेलं असं घडलं असावं. पण आवाज इतका भारावलेला होता की मागं बसलेल्या दोन बायकांनी हात जोडले. हेडमास्तर तोंड उघडं टाकून ऐकत होते. आपली बाजू इतकी सुंदर त्यांना कधी मांडता आली नव्हती.

आभार मानायला चपराशाला उभं केलं होतं. तो गोंधळून म्हणाला, "आज दोघंही साहेब हारले. त्याबद्दल आपण सगळे आभारी आहो."

मला त्या वेळी काय वाटत होतं, असं पुढं अनेकांनी विचारलं. मी बावीस वर्षांचा होतो. मला एवढंच वाटत होतं की डोळा नीट जमला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विज्ञान मास्तरांची बदली पुसदला झाली. त्यांना पोहोचवायला आम्ही एसटीच्या थांब्यावर गेलो. हेडमास्तरांची अक्कलदाढ आठवडाभर सुजली होती. गाल फुगून टोपी एका बाजूनं वर उचलली गेली होती. बोलता येत नव्हतं, म्हणून शाळेची पाटी आणि खडू बरोबर आणला होता.

यवतमाळची गाडी आली. मास्तरांची ट्रंक टपावर चढली. निरोपाचे चार शब्द बोलायला विज्ञान मास्तर वळले आणि त्यांची नजर त्या गालावर गेली.

"सर, जाता जाता एकच विचारतो. जबड्यात जागा नसताना जास्तीची दाढ बसवणारा कर्ता..."

हेडमास्तरांनी पाटीवर खरडलं : 'जबडा मोठा दिला होता. माणसानं लहान केला.'

"कसा?"

'मऊ भात खाऊन.'

"मग हे माझंच म्हणणं झालं, सर! हळूहळू बदलत गेलं!"

'बदलायची सोय कोणी ठेवली?'

विज्ञान मास्तरांनी ट्रंकेच्या ओझ्यातून मोकळे झालेले दोन्ही हात वर केले आणि मुद्दा मांडायला सुरुवात केली. हेडमास्तर पाटी पुसायचे, लिहायचे, पुसायचे. कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या. मीही मारल्या. मग घंटी वाजली आणि गाडी गेली, मास्तरांची ट्रंक टपावर घेऊन.

धुरळा खाली बसल्यावर दोघांच्या लक्षात आलं. हेडमास्तरांनी गाडी गेली त्या दिशेला पाहिलं, मग पाटीवर लिहिलं : 'पुढची गाडी कितीला?'

पुढच्या गाडीत दोघंही बसले. हेडमास्तर ट्रंक शोधायला मदत म्हणून गेले, असं त्यांनी घरी कळवायला मला सांगितलं. ट्रंक यवतमाळच्या स्टँडवरच मिळाली. तरी ते पुसदपर्यंत गेले, तिथं तीन दिवस राहिले आणि तिथल्याच एका डॉक्टरकडून दाढ काढून घेऊन परतले. ती कागदात बांधून त्यांनी आणली होती. मधल्या सुट्टीत ती मला दाखवत म्हणाले, "ही दाढ त्यांच्या बाजूनं धरायची की माझ्या, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जावं लागेल."

आणि दिवाळीपर्यंत ते चारदा जाऊन आले.